पोस्ट ते फाईल : महापालिका आणि समाजमाध्यमे यांवर संशोधन कसे करावे

लोकप्रशासन विषयात पीएच.डी. किंवा एम.ए.चा प्रकल्प करणारे अनेक विद्यार्थी आजकाल ‘समाजमाध्यमे आणि सुशासन’ अशा धर्तीचा विषय घेऊन येतात. विषय चांगला आहे, पण आराखडा बहुतेक वेळा एकाच वळणाने जातो. एखाद्या महापालिकेचे किंवा पोलीस आयुक्तालयाचे एक्सवरचे (पूर्वीचे ट्विटर) खाते घ्यायचे, सहा महिन्यांच्या पोस्ट मोजायच्या, लाइक आणि शेअरची सरासरी काढायची, ओळखीपाळखीच्या नागरिकांकडून गुगल फॉर्म भरून घ्यायचा आणि ‘समाजमाध्यमांमुळे पारदर्शकता वाढली’ असा निष्कर्ष लिहून मोकळे व्हायचे. अशा प्रबंधातून जनसंपर्क विभागाची मेहनत कळते, प्रशासन कळत नाही. प्रशासन जिथे चालते तिथे आवक क्रमांक पडतो, टिपणी लिहिली जाते, कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन येतो किंवा न जाताच ‘पाहणी केली’ असा शेरा मारतो, कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातील कोणत्या सदरातून, खर्च टाकायचा याची चर्चा होते आणि शेवटी कोणाची तरी सही होते. पोस्ट पडल्यामुळे या साखळीत काही हलले का, हलले असल्यास कोणासाठी हलले आणि त्याचे श्रेय कोणी घेतले, हे तीन प्रश्न संशोधकाने सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. पुढील विवेचन याच प्रश्नांची उत्तरे पुराव्यानिशी कशी शोधावीत यासाठी आहे आणि त्यासाठी महाराष्ट्रातील महापालिकांचे उदाहरण घेतले आहे, कारण अलीकडच्या काळात या विषयाला इतकी सोयीची परिस्थिती दुसरीकडे क्वचितच निर्माण झाली असेल.

प्रशासक राज : आयती चालून आलेली तुलना

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले. तरीही महाराष्ट्रात आधी कोविडची साथ, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेतील बदल यांमुळे निवडणुका लांबत गेल्या. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर या महापालिकांची मुदत २०२० मध्येच संपली होती. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे यांची मुदत २०२२ च्या पूर्वार्धात संपली, तर धुळे आणि अहिल्यानगर येथे ती २०२३ च्या अखेरीपर्यंत चालली. इचलकरंजी आणि जालना या तर नव्यानेच महापालिका झालेल्या असल्याने तेथे महापालिका म्हणून निवडून आलेले सभागृह अस्तित्वातच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतर अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी मतदान झाले.

संशोधकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, नगरसेवक असताना, नगरसेवक नसताना आणि पुन्हा नगरसेवक आल्यावर, अशा तीन अवस्थांत तेच शहर, तेच वॉर्ड ऑफिस आणि बरेचदा तेच अभियंते पाहता येतात. शिवाय हा बदल सर्व शहरांत एकाच दिवशी झाला नाही. एका शहरात सभागृहाऐवजी कारभार पाहणारा प्रशासक आला तेव्हा शेजारच्या शहरात सभागृह चालू होते, म्हणून दोन्हींची तुलना करता येते. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे एकवटले, आणि गल्लीतला नळ, गटार, दिवा यासाठी ज्याच्या दारात जायचे तो माणूस पदावर उरला नाही, तेव्हा लोक मोबाईलकडे वळले का, हा त्यातला मूळ प्रश्न.

मात्र येथेच घसरण्याची जागाही आहे. २०२० मध्ये मुदत संपलेल्या शहरांत समाजमाध्यमांवरील वावर वाढला असेल, तर त्याचे कारण टाळेबंदीही असू शकते. जून २०२२ मध्ये राज्यात सत्तांतर झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्विटरची मालकी बदलली, त्यानंतर पडताळणीच्या खुणेचे (ब्लू टिक) नियमही बदलले. त्यामुळे ‘प्रशासक आले म्हणून तक्रारी वाढल्या’ असे एका रेषेत मांडता येत नाही. या अडचणीवर साधा उपाय असा की निदान दोन शहरे घ्यावीत, एक लवकर मुदत संपलेले आणि एक उशिरा संपलेले, आणि दोन्हींसाठी तेच पावसाळ्याचे महिने निवडावेत. खड्डे, तुंबलेली गटारे आणि दूषित पाणी यांच्या तक्रारी जून ते सप्टेंबरमध्ये एरवीच वाढतात, म्हणून जानेवारीची तुलना जुलैशी करणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय.

शहरांची संख्या वाढवण्याचा मोह टाळावा. एकट्या संशोधकाला दोन शहरांतील प्रत्येकी दोन प्रभाग नीट पेलतात. त्यातील एक प्रभाग सोसायट्यांचा आणि एक वस्तीचा असावा. याचे कारण पुढे येईलच.

कार्यालयातील नोंद आधी, पोस्ट नंतर

विद्यार्थी साधारणतः पोस्ट आधी गोळा करतात आणि मग कार्यालयाकडे जातात. क्रम उलटा ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. तक्रार नोंदवहीत कोणते रकाने आहेत हे ठाऊक नसताना गोळा केलेल्या पोस्ट नंतर कशाशीच जुळत नाहीत.

पहिली पायरी म्हणजे माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध केलेली माहिती वाचणे. सतरा बाबींची ही माहिती अनेक कार्यालयांत जुनी आणि अपुरी असते, तरी त्यातून कोणता अधिकारी कशासाठी जबाबदार आहे आणि कोणकोणत्या नोंदवह्या ठेवल्या जातात हे कळते. दुसरी पायरी म्हणजे अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी. जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता यावेत अशी सूचना राज्य शासनाने २०१८ मध्ये दिलेली आहे. तिचा उल्लेख करून रीतसर पत्र द्यावे आणि नोंदवही आधी डोळ्यांखालून घालावी. तिसरी पायरी माहिती अधिकाराच्या अर्जाची. अर्जाला १० रुपये शुल्क असते, महाराष्ट्राच्या नियमांनुसार तो एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो, आणि उत्तर ३० दिवसांत येणे अपेक्षित असते. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत पहिले अपील करता येते. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे जाते, पण तेथील प्रलंबित प्रकरणे पाहता प्रबंधाचे वेळापत्रक दुसऱ्या अपिलाच्या भरवशावर कधीही आखू नये.

अर्जात ‘का’ विचारू नये. जी माहिती अभिलेखात आहे तीच देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. नवे तक्ते तयार करून देणे किंवा मत देणे बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘समाजमाध्यमांवरील तक्रारींची दखल घेण्यात दिरंगाई का होते’ या प्रश्नाला ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर येईल आणि ते चुकीचेही म्हणता येणार नाही. त्याऐवजी अर्जातील मजकूर पुढीलप्रमाणे असावा :

‘१ जून २०२४ ते ३० सप्टेंबर २०२४ या कालावधीत आपल्या क्षेत्रीय कार्यालयाकडे प्राप्त झालेल्या रस्ते व मलनिस्सारणविषयक तक्रारींच्या नोंदवहीची प्रत, ती संगणकीय असल्यास त्याच स्वरूपात, मिळावी. तक्रार क्रमांक, प्राप्त दिनांक, तक्रार प्राप्त होण्याचे माध्यम, ज्या विभागाकडे वर्ग केली तो विभाग, निकाली काढल्याचा दिनांक व शेरा हे रकाने असल्यास ते वगळू नयेत. तक्रारदारांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक झाकून द्यावेत.’

शेवटचे वाक्य केवळ सौजन्याचे नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचा अपवाद अधिक कडक केला आहे. नावे नकोतच असे आपणच लिहिले की नकाराचे सर्वांत सोपे कारण निघून जाते. ‘तक्रार प्राप्त होण्याचे माध्यम’ हा रकाना मात्र हट्टाने मागावा. अर्ज, दूरध्वनी, ॲप, ‘आपले सरकार’ पोर्टल, एक्स, लोकप्रतिनिधींचे पत्र अशी विभागणी त्यात मिळाली तर अर्धे काम झालेच म्हणायचे, आणि असा रकानाच नसेल तर समाजमाध्यमांवरील तक्रारीला त्या कार्यालयात स्वतंत्र अस्तित्व नाही, हाच एक निष्कर्ष हाती येतो.

येथे एक भेद नीट लक्षात ठेवला पाहिजे, कारण प्रबंधांत तो सर्रास गुंडाळला जातो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा अधिसूचित सेवांना लागू होतो. जन्मदाखला, मालमत्ता कराचा उतारा, नळजोडणी, परवाने यांसाठी ठरलेली मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाची उतरंड तेथे असते. ‘आमच्या चौकात खड्डा पडला आहे’ ही मात्र सेवेची मागणी नसून तक्रार आहे, आणि तिला सर्वसाधारणपणे या अधिनियमाची मुदत लागत नाही. समाजमाध्यमांवर जे येते त्यातील बहुतांश दुसऱ्या प्रकारचे असते, म्हणजे ज्या ठिकाणी नागरिकाला कायद्याचा हक्क अगदी क्षीण आहे तेथेच तो चव्हाट्यावर बोलतो. हा धागा पकडून एक स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल.

मुंबईपुरते बोलायचे तर प्रजा फाउंडेशन ही संस्था महापालिकेकडील तक्रारींची आकडेवारी माहिती अधिकारातून मिळवून अनेक वर्षे अहवाल प्रसिद्ध करत आली आहे. ते अहवाल वाचल्यावर कोणती माहिती मागितल्यास मिळते याचा अंदाज येतो, आणि आपला अर्ज वाया जात नाही.

पोस्ट गोळा करताना

२०२३ पर्यंत संशोधकांसाठी ट्विटरकडून विनाशुल्क मोठा साठा उपलब्ध होत असे. तो मार्ग आता बंद झाला आहे आणि यंत्राद्वारे पाने खरवडून माहिती उचलणे एक्सच्या अटींविरुद्ध आहे. फेसबुकवरील सार्वजनिक पाने अभ्यासण्यासाठी वापरले जाणारे क्राउडटँगल हे साधन फेसबुकची मालक कंपनी मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. त्याच्या जागी आलेले मेटा कंटेंट लायब्ररी हे साधन संस्थेमार्फत रीतसर अर्ज करूनच मिळते. जुने शोधनिबंध वाचून लाखो ट्वीटांचे स्वप्न पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे ऐकून वाईट वाटते, पण आपल्या प्रश्नासाठी लाखोंची गरज नाही. एका प्रभागाशी संबंधित, स्थळ ओळखता येणाऱ्या तीनचारशे तक्रारी हाताने जमवल्या तर त्या नोंदवहीशी जुळवता येतात, आणि लाखोंच्या ढिगात नेमके तेच अशक्य असते.

प्रत्येक पोस्टची नोंद करताना दिनांक, वेळ, स्थळ, विषय, कोणाकोणाला टॅग केले, छायाचित्र आहे का, महापालिकेचे पहिले उत्तर कधी आले, त्या उत्तराचे नेमके शब्द काय होते आणि पुढे नागरिकाने पुन्हा लिहिले का, इतके तरी टिपावे. पोस्ट पुसल्या जातात, खाती बंद होतात, म्हणून स्क्रीनशॉट त्याच दिवशी घेऊन ठेवावा. टॅग कोणाला केले हा रकाना अनेकजण सोडून देतात, पण राजकारण सर्वांत आधी तेथेच दिसते. एकाच खड्ड्यासाठी महापालिका, आयुक्त, पालकमंत्री, आमदार, दोन वृत्तवाहिन्या आणि वाहतूक पोलीस यांना एका दमात टॅग करणारा नागरिक सत्तेचा आपल्या मनातला नकाशाच काढून दाखवत असतो. नगरसेवक असतानाच्या आणि नसतानाच्या काळातील हे नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

उत्तर देणारी आणि नुसती माहिती देणारी खाती वेगळी मोजावीत. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्येच शासकीय संस्थांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत याची मार्गदर्शक चौकट प्रसिद्ध केली होती. उद्दिष्ट ठरवणे, माध्यम निवडणे, उत्तर देण्याची जबाबदारी निश्चित करणे अशा गोष्टी तीत आहेत. प्रत्यक्षात मात्र लोकांच्या मनातली अपेक्षा घडवली ती काही गाजलेल्या खात्यांनी. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना प्रवाशांच्या ट्वीटांवर मंत्रालय थेट हालचाल करत असे आणि डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई पोलिसांच्या खात्याने मिश्कील भाषेची सवय लावली. तशीच तत्परता आणि तसाच विनोद लोक महापालिकेकडूनही मागू लागले, हे विसरून महापालिकेच्या उत्तरांचे मूल्यमापन करणे अन्यायाचे ठरेल. रेल्वेकडे एकच उतरंड आहे. महापालिकेच्या रस्त्यावर मात्र सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, मेट्रो, वीज कंपनी असे अनेक मालक नांदतात. ‘हा रस्ता आमच्या अखत्यारीत येत नाही’ हे उत्तर प्रत्येक वेळी टोलवाटोलवीचे नसते, म्हणून रस्त्याची मालकी कोणाची हा स्वतंत्र रकाना ठेवावा.

भाषेबाबत एक सूचना. मराठी तक्रार देवनागरीत असते, रोमन अक्षरांत असते, अर्धी हिंदीत असते आणि बरीच उपरोधिक असते. ‘घरबसल्या जलतरण तलाव उपलब्ध करून दिल्याबद्दल महापालिकेचे मनःपूर्वक आभार’ या वाक्याला भावनामापनाचे संगणकीय साधन आनंदाने ‘सकारात्मक’ असा शिक्का मारण्याची शक्यता असते. पुण्यातील एलथ्री-क्यूब या गटाने २०२१ मध्ये मराठी ट्वीटांवर आधारित महासेंट हा भावनामापनासाठीचा संच तयार केला आणि त्यानंतर मराठीसाठी बरेच काम झाले आहे, तरीही तीनचारशे पोस्ट असतील तर त्या माणसाने वाचाव्यात. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे वर्गीकरण करावे, त्यांच्यातील जुळणी कोहेनच्या कप्पा गुणांकाने (योगायोगाने होणारी जुळणी वगळून सहमती मोजणारा आकडा) तपासावी आणि जिथे मतभेद झाला त्या पोस्ट बाजूला काढून त्यांवर चर्चा करावी. अनुभव असा की मतभेदाच्या पोस्टच सर्वांत बोलक्या निघतात.

एका तक्रारीचा प्रवास मांडून पाहणे

पोस्ट आणि नोंदवही दोन्ही हातात आल्यावर दोहोंची सांगड घालण्याचे काम सुरू होते. समजा, सोमवारी सकाळी एका नागरिकाने शाळेसमोरच्या मलनिस्सारण वाहिनीचे तुटलेले झाकण छायाचित्रासह टाकले. दोन तासांत ‘आपली तक्रार संबंधित विभागास वर्ग करण्यात आली आहे’ असे उत्तर आले. नोंदवहीत मात्र ती तक्रार बुधवारी चढली आणि शुक्रवारी ‘काम पूर्ण, तक्रार बंद’ असा शेरा पडला. त्यानंतरच्या मंगळवारी त्याच नागरिकाने पुन्हा छायाचित्र टाकले. झाकण बसवलेले नव्हते, शेजारी फक्त एक लाकडी फळी आणि लाल फडके लावलेली काठी उभी केली होती.

या एका प्रकरणात चार निरनिराळ्या वेळा आहेत. पोस्टपासून उत्तरापर्यंतचा वेळ दोन तास, पोस्टपासून नोंदीपर्यंतचा दोन दिवस, पोस्टपासून तक्रार बंद होईपर्यंतचा चार दिवस, आणि प्रश्न सुटेपर्यंतचा वेळ अजून चालूच. महापालिकेच्या सादरीकरणात पहिला किंवा तिसरा आकडा दाखवला जातो, वृत्तपत्राच्या बातमीत चौथा येतो, आणि संशोधकाने केवळ पोस्ट पाहिल्या असतील तर त्याच्या प्रबंधात पहिलाच येतो. चारही वेळांचा तक्ता करावा. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, वापरावा, कारण वर्षभर रखडलेली एखादी तक्रार सरासरीला कुठल्या कुठे नेऊन ठेवते. मग त्याच प्रभागातील, त्याच काळातील, त्याच प्रकारच्या पण कागदी अर्जाने आलेल्या तक्रारींच्या वेळांशी तुलना करावी.

‘बंद’ या शेऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे. तक्रार बंद होण्याची कारणे नोंदवहीत साधारणतः ठरावीक शब्दांत येतात : काम पूर्ण, अखत्यारीत नाही, निविदा प्रक्रिया सुरू, तक्रारदार फोन उचलत नाही, तक्रार दुबार. यांतील ‘निविदा प्रक्रिया सुरू’ हा शेरा मारून तक्रार बंद करणे म्हणजे प्रश्न अंदाजपत्रकाकडे ढकलणे असते. प्रशासकाच्या काळात त्या अंदाजपत्रकावर सभागृहात चर्चा झालेली नसते, म्हणून अशा तक्रारींचा माग नगरसचिव कार्यालयातील ठरावांपर्यंत काढता आला तर अवश्य काढावा. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये दाखवून दिले होते की धोरण कागदावर काहीही असो, नागरिकासमोर उभा असलेला कनिष्ठ कर्मचारी अपुऱ्या साधनांत जे निर्णय घेतो तेच प्रत्यक्षात धोरण ठरते. आपल्याकडे तो कर्मचारी म्हणजे कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक, मुकादम. पोस्ट व्हायरल झाली की आयुक्तांचा फोन येतो आणि हातातले काम सोडून तो तिकडे धावतो. त्या धावपळीत मागे पडलेले काम कोणत्या वस्तीतले होते, हे नोंदवहीतूनच शोधता येते, आणि सोसायट्यांचा व वस्तीचा असे दोन प्रभाग घ्यायचे ते याचसाठी. वस्तीतील लोक सहसा एक्सवर लिहीत नाहीत. ते कार्यकर्त्याला सांगतात, शाखेत जातात, वॉर्ड ऑफिसच्या जिन्यात ताटकळतात. समाजमाध्यमांमुळे एका प्रभागाचे काम लवकर होऊन दुसऱ्याचे लांबत असेल, तर त्याला सुधारणा म्हणायचे की रांग मोडणे, याचे उत्तर संशोधकाने आकडे दाखवून द्यावे.

‘पाठपुराव्यास यश’

राजकारणाचा भाग अनेक प्रबंधांत निवडणूक प्रचारापुरता येतो. ते सोपे आहे, कारण साधने तयार असतात. मेटाच्या जाहिरात संग्रहात भारतातील राजकीय जाहिराती २०१९ पासून पाहता येतात, त्यांवरील खर्चाची आणि पोहोचीची श्रेणी दिसते. उमेदवारांनी शपथपत्रात आपली समाजमाध्यम खाती जाहीर करावीत, असे भारत निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये सांगितले. मात्र महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, हा फरक ध्यानात ठेवून त्या आयोगाचे आदेश स्वतंत्रपणे पाहावेत. लोकसभेचे नियम जसेच्या तसे महापालिकेला लावलेले प्रबंध पाहण्यात येतात आणि परीक्षकाचे लक्ष नेमके तेथेच जाते.

परंतु खरे रोजचे राजकारण आहे ते ‘पाठपुराव्यास यश’ या दोन शब्दांत. पद गेल्यानंतरही माजी नगरसेवक आपल्या फेसबुक पानावर काम होण्यापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र टाकतात, आयुक्तांना दिलेल्या पत्राची पोच दाखवतात, जेसीबीशेजारी उभे राहून रील करतात. त्याच कामासाठी इच्छुक उमेदवार, आमदारांचे स्वीय सहाय्यक आणि एखादा नागरिक मंच यांच्याही तशाच पोस्ट असतात. अशा श्रेयाच्या पोस्ट वेगळ्या जमवाव्यात आणि प्रत्येक कामासाठी तीन गोष्टी तपासाव्यात : नोंदवहीत तक्रार कोणाच्या नावे आहे, लोकप्रतिनिधींच्या पत्रांच्या आवक नोंदीत त्यांचे पत्र खरेच आहे का, आणि कार्यादेश त्या पत्राच्या आधीचा आहे की नंतरचा. कार्यादेशाचा दिनांक आधीचा निघाला तर ती पोस्ट खोटी ठरवण्याची घाई करू नये, कारण तोंडी पाठपुरावा कागदावर उमटत नाही. पण अशी प्रकरणे किती आणि कोणत्या प्रकारच्या कामांत आहेत हे मांडले की श्रेयाच्या बाजाराचे चित्र स्पष्ट होते.

नागरी नियोजनाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, ती येथे कामाची आहे, कारण माहिती मिळणे आणि म्हणणे ऐकून घेतले जाणे या पायऱ्या निर्णयात वाटा मिळण्याच्या फार खाली आहेत. पुणे महापालिकेने २००६ पासून सहभागी अंदाजपत्रकाचा प्रयोग केला, त्यात नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन कामे सुचवत. कागदी अर्जाची ती पायरी आणि आजच्या टॅगची पायरी, यांतली वरची कोणती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

मुलाखती आणि मर्यादा

मुलाखती सर्वांत शेवटी घ्याव्यात. हातात तक्ता असेल तर अधिकारी ‘आम्ही सर्व तक्रारींची दखल घेतो’ यापलीकडे बोलतात. शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि समाजमाध्यमांच्या वापराबाबत राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये आणखी सूचना दिल्या आहेत. धोरणावर टीका करायला लावणारा प्रश्न विचारून त्यांना अडचणीत आणण्यात काही हशील नाही. ‘पोस्ट आल्यावर तुमच्यापर्यंत ती कशी पोहोचते, ग्रुपवर की पत्राने?’ असा कामाच्या रीतीचा प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरात साहेबांचा व्हॉट्सॲप ग्रुप हमखास येतो आणि प्रशासनाची खरी वाट तिथून जाते हे कळते. जनसंपर्क विभागात खाते सांभाळणारी मुले बरेचदा कंत्राटी संस्थेची असतात. त्यांना विचारायला विसरू नये, कारण कोणती पोस्ट ‘वर’ पाठवायची ही चाळणी तेच लावतात.

बंद व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ओळख लपवून शिरणे, मग तो सोसायटीचा असो वा पक्षाचा, सर्वथा वर्ज्य मानावे. ग्रुपच्या प्रशासकाची आणि सदस्यांची संमती घ्यावी, नाही मिळाली तर तो स्रोत सोडून द्यावा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात संशोधनासाठी काही सवलत आहे आणि व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे, तरी सार्वजनिक पोस्टही प्रबंधात शब्दशः छापू नये. दहा शब्द शोधयंत्रात टाकले की लिहिणारा सापडतो, आणि स्थानिक कंत्राटदाराविरुद्ध लिहिलेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागू शकते. आशय कायम ठेवून वाक्य बदलावे, स्थळ प्रभागाच्या पातळीवर ठेवावे, खात्याचे नाव देऊ नये. निवडून आलेल्या किंवा पदावरील व्यक्तीची अधिकृत खाती मात्र नावानिशी उद्धृत करता येतात.

लेखनाच्या वेळी पद्धतीचे प्रकरण मोठे आणि सैद्धान्तिक प्रकरण आटोपशीर ठेवावे. न मिळालेल्या माहितीची नोंदही निष्कर्षांइतकीच काळजीपूर्वक द्यावी : कोणत्या अर्जाला उत्तर आले नाही, कोणता रकाना कोरा होता, किती पोस्ट नोंदवहीशी जुळल्याच नाहीत. जुळवणीचा कोरा तक्ता आणि वर्गीकरणाचे नियम परिशिष्टात जोडावेत, म्हणजे नव्या सभागृहांच्या काळात दुसऱ्या कोणाला हाच अभ्यास पुढे नेता येईल. आणि तोंडी परीक्षा झाल्यावर मराठीतील चारपाच पानांचा गोषवारा ज्या क्षेत्रीय कार्यालयाने नोंदवही उघडून दाखवली त्या कार्यालयात नेऊन द्यावा, त्यावर आवक शिक्का मारून घ्यावा आणि पोच जपून ठेवावी.